सावरखडीच्या रेडिओनं गिळलेलं अर्धं वाक्य

मित्रांनो, मी जे सांगणार आहे ते तुम्ही खरं मानणार नाही. आजवर एकानंही मानलेलं नाही. या खोलीतल्या पृथ्वीच्या गोलाला मी ही हकीकत सांगितली, तर त्यानं तोंड फिरवलं. तेव्हापासून हिंदुस्थान भिंतीकडं आहे. तराजूला सांगितली, तर त्याचं एक पारडं वर गेलं ते आजपर्यंत खाली आलं नाही. पण तुम्ही लहान आहात, मधली सुट्टी आहे, आणि बाहेर ऊन आहे. म्हणून तुम्हाला सांगतो.

मी एक जुना रेडिओ आहे. सावरखडीच्या ग्रामपंचायतीचा. आता शाळेच्या कपाटावर बसलो आहे म्हणून मला शाळेचा समजू नका. मी चावडीवरचा मानकरी होतो.

माझी पेटी सागवानी आहे. साधा साग नव्हे. ज्या झाडाची ही फळी, त्या झाडाखाली रोज दुपारी एक वाघ झोपायचा. त्याचं घोरणं लाकडात मुरलं, म्हणून तर माझ्या आवाजाला खर्ज आहे. हसू नका. मला जोडणारा कारागीर हे ऐकून हसला नव्हता. त्यानं फक्त माझा मागचा पुठ्ठा जरा घट्ट बसवला.

पुण्याहून मी आगगाडीनं निघालो. लोणंदला गाडी थांबली आणि माझ्या खोक्याला खेटून कांद्याची पोती रचली गेली. लोणंदचा कांदा काय असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. माधवनगर येईपर्यंत तो वास माझ्यात असा शिरला, की पुढं कित्येक वर्षं मी नुसते बाजारभाव सांगितले तरी समोरच्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं. लोक म्हणायचे, काय आवाजात माया आहे! माधवनगरला उतरलो तेव्हा गिरणीचा भोंगा झाला. गावातले म्हणतात, तो रोजच्या वेळेला झाला. मला विचाराल तर तो माझ्यासाठी झाला.

पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. चावडीत फळी ठोकून मला बसवलं, बाहेरच्या लिंबाला कर्णा बांधला, नारळ फोडला. नारळाचं पाणी माझ्या अंगावर उडालं. पहिल्या बातम्या मी जरा गोड सांगितल्या त्या त्यामुळं.

पण मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव जसा पोपटात असतो, तसा माझा जीव माझ्यात नव्हता. सावरखडीत वीज आली नव्हती. माझा जीव शेजारच्या एका काळ्या, जड डब्यात होता. त्याला बॅटरी म्हणत. ती भरून आणली की मी गायचो, आणि ती उतरली की मी लाकूड.

ही बॅटरी सांभाळायचं काम पंचायतीच्या शिपायाकडं होतं. त्याचं नाव गुंडा. नाव गुंडा असलं तरी माणूस कोंबडीलाही 'सरा की बाई' म्हणणारा. सांगलीच्या ज्या दुकानात तो बॅटरी भरून आणायचा, तिथं त्यानं एक शब्द ऐकला होता. बॅटरी उतरली की तो चावडीच्या पायरीवर उभा राहायचा, छाती भरून घ्यायचा आणि सांगायचा, "आज रेडू न्हाई. डिस्चार्ज झालाय."

"म्हंजे रं?"

"म्हंजे गेला. खलास. जीव न्हाई त्यात."

गावाला हा शब्द फार आवडला. 'मेला' म्हणायला जीभ जड होते, 'वारला' म्हटलं की रडू येतं. डिस्चार्ज म्हटलं की कसं सरकारी वाटतं. महिन्याभरात नाथाजी आबांचा म्हातारा बैल डिस्चार्ज झाला. नाथाजी आबा म्हणजे गावातले वडीलधारे, बारशापासून बाराव्यापर्यंत कुठलंही कार्य त्यांच्याशिवाय हलायचं नाही. मग पाटीलवाडीची एक शंभरीची म्हातारी डिस्चार्ज झाली, आणि तिच्या मुलांनी पावण्यांना निरोपही तसाच धाडला. हा शब्द माझ्यामुळं गावात शिरला. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा. आता तो आठवला की माझं बटण घसरतं.

दर बुधवारी संध्याकाळी माझ्यावर दवाखान्याचं नाटक लागायचं. हल्ली म्हणे दिल्लीला चित्रं दिसणारा रेडिओ निघालाय. निघू दे. सावरखडीनं रक्ताचा एक थेंब न बघता तो सगळा दवाखाना बघितला होता. चाकांची गाडी खडखडत यायची, नर्सच्या चपला फटफटायच्या, आणि डॉक्टर ओरडायचे, "इमर्जन्सी! पेशंट सीरियस आहे! ऑक्सिजन लावा!" की चावडीपुढं बसलेल्या बायकांचे पदर तोंडाला जायचे. इमर्जन्सीला गाव अमरजंशी म्हणायचं. आणि दुसऱ्या दिवशी उसाच्या फडात, पाणवठ्यावर, सगळीकडं डॉक्टरच डॉक्टर.

"ब्लड प्रेशर वाढलं म्हंजे काय रं गुंडा?"

"आपल्या गॅसबत्तीला हवा जास्त मारली की ती कशी भकभक करती? तसं. मानसाचं रगत भकभक करतंय."

"मग पिन मारायची की!"

एकदा नाटकातला पेशंट कोमात गेला. सगळ्यांनी आप्पासो गुरुजींकडं बघितलं. तुमच्या या शाळेचेच ते हेडमास्तर. गुरुजींना नाही म्हणायची सवय नव्हती. ते म्हणाले, "कोमा म्हणजे स्वल्पविराम. वाक्य संपलेलं नाही. जरा थांबायचं आणि पुढं जायचं."

पुढच्या बुधवारी तो पेशंट खरोखर डोळे उघडून उठला, आणि गुरुजी गावाचे अर्धे डॉक्टर झाले.

त्या नाटकात एक मास्तरीणबाई होत्या. कितीतरी बुधवार त्या खाटेवर पडून होत्या, आणि त्यांच्यासाठी अख्खं गाव खाटेवर होतं. शालूबाईनं तर त्यांच्यासाठी सोमवार धरला होता. शालूबाई म्हणजे तुम्हाला शाळेत भुकटीचं दूध ढवळून देते, तीच. तेव्हा तिच्या अंगात आजच्यापेक्षा जोर होता आणि जिभेला आजच्यापेक्षा धार. नवरा फौजेत, घरात धाकटा दीर आकाराम, त्याची बायको बनाबाई, आणि सगळ्यांवर राज्य शालूबाईचं.

तर एका बुधवारी मास्तरीणबाईंच्या खाटेजवळ नर्स आली. तिच्या आवाजात हसू होतं. ती म्हणाली, "डॉक्टर, बाईंना डिस्चार्ज..."

आणि माझी बॅटरी उतरली. विहिरीत घागर पडावी तसा माझा आवाज आत गेला. गुंडानं मला कान लावला, थोपटलं, आणि तो पायरीवर येऊन म्हणाला, "डिस्चार्ज!"

"कोन? बाई का बॅटरी?"

गुंडानं क्षणभर विचार केला. "दोनीबी."

मित्रांनो, त्या संध्याकाळी सावरखडीतल्या बायकांनी घरी जाऊन अंघोळी केल्या. शालूबाईनं चूल पेटवली नाही. आणि नर्सचं राहिलेलं वाक्य असं होतं, "देऊ या ना? घरी मुलं वाट बघताहेत." ते हवेतून माझ्यापर्यंत पोचलं होतं. पण बोलायला माझ्यात त्राण नव्हतं. पुढच्या बुधवारी नाटकात दुसराच पेशंट आला, आणि ते अर्धं वाक्य माझ्या पोटातच राहिलं. अजून कधी दमट हवा असली की ते तिथं टोचतं.

आता बनाबाईचं ऐका.

बनाबाई फलटणकडची. हसरी. तिला हसायला कारण लागायचं नाही, आणि शालूबाईला नेमका त्याचाच राग यायचा. उसाचा पाला काढायचे दिवस होते. त्या पाल्याच्या कडेनं हात कापतात, अंगाला खाज सुटते. कुणालाच ते काम नको असतं. ऐन त्या दिवसांत बनाबाई पोट धरून पडली.

"पाला म्हनला की हिच्या पोटात दुखतंय," शालूबाई ओट्यावरून म्हणाली. सगळ्या आळीनं ऐकलं. "भाकरी म्हनलं की कसं दुखत न्हाई गं?"

"आक्का, खरंच लय दुखतंय."

"मग हे घे. पी गपगुमान. समदं साफ हुतंय बघ, पोटबी आन् नखरंबी."

आणि तिनं वाटीभर एरंडेल बनाबाईला पाजलं. वाईट मनानं नव्हे हो. तुमच्या आज्यांनीही तेच केलं असतं. पोट दुखलं की एरंडेल, हे सावरखडीला माझ्या आधीपासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. शालूबाई रोजच्यासारखी पुढं बसली. मी नाटक सुरू केलं. चाकांची गाडी आली, आणि डॉक्टर कडाडले, "पोट फळीसारखं घट्ट झालंय! ॲपेंडिक्स आहे! यांना एरंडेल कुणी पाजलं? अशा पोटाला जुलाबाचं औषध म्हणजे जिवाशी खेळ! इमर्जन्सी!"

नाटक चालू असताना सावरखडीत कुणी उठत नसे. मूल रडलं तरी त्याच्या तोंडात पदराचं टोक देत. त्या दिवशी शालूबाई उठली. माणसांच्या मांड्यांवर पाय देत ती बाहेर पडली, घराकडं पळाली, आणि पुढचा प्रवेश संपायच्या आत परत आली. तिला धाप लागली होती.

"अमरजंशी!" ती ओरडली. "आमच्या बनीचं पोट फळी झालंय!"

बघा मित्रांनो, एका शब्दाची ताकद. दुसरा कुठला शब्द असता तर कुणी अंगारा आणला असता, कुणी लिंबू उतरवलं असतं. पण अमरजंशी म्हटल्यावर काय करायचं ते गावाला पाठ होतं. डॉक्टर ओरडले की नर्स पळते. अख्खं गाव नर्स झालं. नाथाजी आबांनी गाडी जुंपली, कुणी गोधड्या टाकल्या, आकारामनं बायकोला उचललं. माधवनगरापर्यंत गाडीनं, तिथून मोटारीनं, सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो.

ही बातमी आली आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस उजाडला. मला हार घातला. कुंकू लावलं. पाटीलवाडीचे लोक मला बघायला आले. एका म्हातारीनं तिचा दुखणारा गुडघा माझ्या पेटीला टेकवला. तो बरा झाला. ती त्याच पावली पळत गेली, तिला धरायला चार तरणी पोरं लागली. माझी पेटी अभिमानानं इतकी फुगली की बटणं फिरेनात. गुंडा म्हणतो, ती दमट हवेनं फुगली. गुंडाला काय कळतं.

एकटी शालूबाई मला हार घालायला आली नाही. ती एकदा भरदुपारी आली, चावडीत कुणी नाही असं बघून. आकाराम बायकोजवळ दवाखान्यात राहिला होता, आणि सगळ्या फडाचा पाला शालूबाई एकटीच काढत होती. हातांवर पाल्यानं कापल्याच्या रेघा होत्या. ती माझ्यापुढं उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "एरंडेल पाजलेलं मानूस जगतंय का रं?"

मी तेव्हा गुळाचे भाव सांगत होतो. तेच सांगत राहिलो. ती सगळे भाव ऐकून उठून गेली.

त्यानंतर काही दिवसांनी काय झालं, ते आता सांगतो. इथं मला जरा थांबून बोलू द्या.

सकाळची वेळ होती. आप्पासो गुरुजी सरकारी शिबिराला साताऱ्याला गेले होते. गुंडाही गावात नव्हता, तो सांगलीला गेला होता. यल्लाप्पाचा गुळाचा ट्रक चावडीपुढं येऊन थांबला. यल्लाप्पा जतच्या पलीकडचा, अर्धा कानडी. त्यानं इंजिन बंद केलं नाही, खालीही उतरला नाही. खिडकीतून पानाची पिचकारी टाकली आणि ओरडून सांगितलं, "आकाराम सांगितलाय बघा! बनाबाईला डिस्चार्ज दिलाय म्हणं! गाडी घिऊन या म्हणं!"

आणि ट्रक गेला. धुराळा खाली बसायला वेळ लागला.

आता तुम्ही म्हणाल, आकाराम तर गावचाच, त्यानं असा निरोप का धाडला? अहो, इतके दिवस दवाखान्यात राहून तो शब्द शिकला होता. आणि नवीन शिकलेला माणूस पहिली गोष्ट हीच विसरतो, की कालपर्यंत आपल्यालाही ते येत नव्हतं.

"डिस्चार्ज," कुणीतरी म्हणालं. "अगं आई गं."

"झाली म्हनला का दिला म्हनला?" एकानं विचारलं. "मला दिला ऐकाया आलं."

सगळ्यांनी नाथाजी आबांकडं बघितलं. आबांनी मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं. "काय फरक पडतोय बाबा," ते म्हणाले. "देवानं दिला."

झालं. तो एक बारीक धागा होता, तोही तुटला. कुणी बांबू काढायला गेलं, कुणी दोरी आणायला. फलटणला कळवायला कोण जाणार ते ठरू लागलं. गाडीवर गवत पसरलं, पण या खेपेला गोधडी कुणी टाकली नाही.

शालूबाई फडातून आली. तिला कुणी सांगितलं ते मला दिसलं नाही. ती रडली नाही. ती घरात गेली आणि हिरवं लुगडं घेऊन बाहेर आली. कोरं, घडी न मोडलेलं. नवरा रजेवर येईल तेव्हा नेसायचं म्हणून तिनं ते ठेवलं होतं. मित्रांनो, सवाष्ण बाई गेली की तिला हिरवं नेसवून धाडतात. ते लुगडं त्यासाठी होतं.

ती गाडीत चढू लागली तसे नाथाजी आबा म्हणाले, "शालू, बायकांनी यायचं नसतंय गं पोरी. आमी जातो."

"आवं आबा, मग एरंडेल पाजायचं असतंय व्हय बायकांनी?"

ती तशीच सगळ्यांकडं बघत उभी राहिली. "मी मारली तिला. ती म्हनत हुती, आक्का लय दुखतंय, आन् मी म्हनले नखरं हायती. समद्या आळीनं ऐकलंय. आता का कोन बोलत न्हाई? म्हना की, शालीनं मारली!"

लोक जमिनीकडं बघू लागले. मग ती वळली. पायऱ्या चढून चावडीत आली, माझ्यापुढं उभी राहिली. काखेत लुगडं. तिनं मला हात जोडले.

"तू सांगितलंस म्हनून न्हेली तिला," ती म्हणाली. "आता येक डाव बोल. डिस्चार्ज म्हनू नगंस. कोमात गेली म्हन. तेवढंबी चालंल मला."

मित्रांनो, दगडाला पाझर फुटेल असं ते बोलणं. मी तर साग. माझ्या पोटात ते अर्धं वाक्य होतं, तुम्हाला माहीत आहे. सगळ्या गावात त्या शब्दाचा खरा अर्थ एकट्या मला ठाऊक होता. आणि तो चुकीचा अर्थ गावाला शिकवला होता तोही मीच. माझ्या आतले काचेचे दिवे थरथरू लागले.

आणि मी बोललो!

हो, बोललो! कुणी बटण फिरवलं नाही. माझी काच आपोआप उजळली, लिंबावरच्या कर्ण्यातून कावळे उडाले, आणि वाघाच्या आवाजात मी म्हणालो, "ऐका हो सावरखडीकर! डिस्चार्ज म्हणजे बॅटरीला मरण, पण पेशंटला डिस्चार्ज म्हणजे घरी सोडणं! बनाबाई बरी झालेली आहे! शालूबाई, डोळे पूस!" माझा आवाज इतका मोठा झाला की माधवनगरच्या गिरणीतले कामगार भोंगा झाला समजून जेवायला सुटले.

मग काय सांगू! नाथाजी आबांनी मुंडासं आकाशात फेकलं, ते दुसऱ्या दिवशी खाली आलं. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावला, गाडीला आंब्याचे डहाळे बांधले, हलगी लावली. शालूबाईनं मला कडकडून मिठी मारली. तिच्या अश्रूंचा डाग हा बघा, इथं पेटीवर आहे. आणि गाडी वाजतगाजत सांगलीला गेली. त्या घटकेपासून माझ्या मनावर कसलंही ओझं नाही. माझ्यामुळं जे बिघडलं, ते मीच निस्तरलं. अजिबात ओझं नाही. अगदी हलका आहे मी. उचलून बघा हवं तर.

पुढं गावात वीज आली, खिशात मावणारे ट्रान्झिस्टर आले. माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी परवा त्यातल्याच एका कार्ट्यानं सांगितली. मी असतो तर दोन दिवस आधी सांगितली असती. मला चावडीतून इथं आणून ठेवलं. माझ्या कर्ण्यात चिमण्यांनी घर केलं, मागच्या पुठ्ठ्याला वाळवी लागली. असो. तक्रार नाही. तुमच्याकडं एवढंच मागणं आहे मित्रांनो, की जुन्या वस्तूवर फडकं मारत जा. आणि कुठलाही शब्द अर्धा ऐकून उठू नका. तो कुणाच्या तोंडून आला, कशाबद्दल आला, ते पुरतं विचारा. कारण शब्द पुरता ऐकला नाही, तर ज्याच्यापाशी खरं असतं त्याला वेळेवर बोलावं लागतं, जसा मी त्या दिवशी...

"खोटं!"

दारात शालूबाई उभी आहे. हातात दुधाची बादली, खांद्यावर पळी. ही कधी आली?

"खोटं बोलतोय मुडदा! पोरांनो, ऐकू नगासा त्याचं. गुंडा सांगलीला गेला हुता म्हनतूस. कशाला गेला हुता ते सांग की! बॅटरी भरून आनाया गेला हुता. तुजी बॅटरी त्याच्या सायकलीवर हुती. तुज्यात काय हुतं रं त्या दिवशी? वाळवी? आताबी न्हाई बॅटरी तुज्यात, तरी पोरांपुढं तासभर बोलतूस. मग तवा का न्हाई बोललास? मी हात जोडलं तुला. किती येळ उभी हुते मी. तू मुका. लाकडासारका मुका.

"सांगलीपातुर रडत गेले मी त्या गाडीत. आबा म्होरं बसलं हुतं, येकदाबी मागं वळून बघितलं न्हाई त्यांनी. आन् दवाखान्याच्या पायरीवर बनी बसलेली. उन्हात. आकाराम तिला मोसंबी सोलून देत हुता. मला बघून हसली. माज्या काखंतलं लुगडं बघितलं तिनं आन् म्हनली, 'आक्का, मला नवं लुगडं आनलंसा?'

"मी म्हनले, 'व्हय गं. तुलाच आनलंय.'

"त्या दिवशी खोटं बोलले ती मी बोलले. तू कुटं बोललास?"